मानकसंहितेचे उद्धरण : चूक, दुरुस्ती आणि सुधारणा
(धाराशिव जिल्ह्यातील भूकंपोत्तर बांधकामविषयक लेखनाच्या संदर्भात)

१. प्रश्नाचे स्वरूप

पाठचिकित्सेचा विचार मराठीत मुख्यतः प्राचीन काव्य आणि महानुभावीय गद्य यांच्या संदर्भात झाला आहे. संहिता कशी निश्चित करावी, लेखनिकाचा प्रमाद कसा ओळखावा, पाठभेद कोठे आणि कसे नोंदवावेत, हे प्रश्न हस्तलिखितांपुरतेच मर्यादित आहेत, अशी समजूत त्यामुळे रूढ झाली. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठीत व्यवहारोपयोगी लेखनाचा एक मोठा वर्ग निर्माण झाला. शासकीय पुस्तिका, बांधकामाच्या मार्गदर्शिका, अहवाल आणि त्यांवर आधारलेले वृत्तपत्रीय व संशोधनपर लेख हे सर्व त्यात मोडतात. हे लेखन बहुधा दुसऱ्या एका संहितेवर उभे असते. ती संहिता म्हणजे तांत्रिक मानक. मानकातील वाक्य, कोष्टक किंवा आकडा मराठीत उद्धृत करताना त्यात चूक आढळली, अथवा मानकच पुढे बदलले, तर उद्धरणकर्त्याने काय करावे, या प्रश्नाचा विचार येथे अभिप्रेत आहे.

या विचाराला धाराशिव जिल्ह्याची पार्श्वभूमी सहेतुक घेतली आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास झालेल्या भूकंपाने लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील सास्तूर यांसह अनेक गावे उद्ध्वस्त केली. त्यानंतर या परिसरात घर कसे बांधावे यासंबंधी जेवढे मराठी लेखन झाले, त्याच्या मुळाशी भारतीय मानके होती. ज्या लेखनावर माणसाच्या डोक्यावरचे छप्पर अवलंबून आहे, त्यातील उद्धरणाची शिस्त हा केवळ विद्वत्तेचा विषय राहत नाही.

२. मानकसंहितेचे वेगळेपण

साहित्यकृतीची संहिता एकदा सिद्ध झाली की ती स्थिर राहावी, अशी अपेक्षा असते. मानकाचे तसे नसते. बदलत राहणे हा त्याचा दोष नसून धर्म आहे. भारतात हे काम १९४७ साली स्थापन झालेल्या भारतीय मानक संस्थेकडे होते. १ एप्रिल १९८७ पासून ते भारतीय मानक ब्यूरोकडे आले. मानकाच्या क्रमांकापुढे प्रसिद्धीचे वर्ष लिहिलेले असते आणि ते वर्ष नावाचाच भाग असते. भूकंपरोधक रचनेचे मूळ मानक ‘आय. एस. १८९३’ हे होय. ते प्रथम १९६२ साली निघाले आणि १९६६, १९७०, १९७५, १९८४, २००२ व २०१६ या वर्षी त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. यांतील प्रत्येक आवृत्ती ही स्वतंत्र संहिता आहे. तेव्हा ‘आय. एस. १८९३ असे सांगते’ हे विधान वर्षाशिवाय केले असता त्यातून काहीच निश्चित होत नाही.

दोन आवृत्त्यांच्या मधल्या काळात दुरुस्तीपत्रके निघतात. २००२ च्या आवृत्तीला असे दुरुस्तीपत्रक २००५ साली निघाले. हे पत्रक स्वतंत्र असते आणि ग्रंथालयातील प्रतीला ते जोडलेले असेलच असे नाही. अभ्यासकाने मूळ प्रत डोळ्यांनी पाहूनही त्याचे उद्धरण अपुरे राहू शकते, ते यामुळे. याखेरीज जुने मानक तसेच चालू ठेवल्याची नोंद मुखपृष्ठावर नव्या वर्षासह छापली जाते. हे पुनर्मान्यतेचे वर्ष आवृत्तीचे वर्ष समजून उतरवले गेले, तर अस्तित्वातच नसलेल्या आवृत्तीचा हवाला तयार होतो.

यावरून उद्धरणाच्या दृष्टीने तीन अवस्था वेगळ्या कराव्या लागतात. पहिली ‘चूक’ : मुद्रणाचा वा उतरवणाऱ्याचा प्रमाद. दुसरी ‘दुरुस्ती’ : प्रसिद्ध करणाऱ्या संस्थेने त्याच आवृत्तीत अधिकृतपणे केलेला बदल. तिसरी ‘सुधारणा’ : ज्ञान वाढल्यामुळे निघालेली नवी आवृत्ती. व्यवहारात या तिन्हींना सरसकट ‘चूक दुरुस्त केली’ असे म्हटले जाते आणि घोटाळ्याची सुरुवात तेथेच होते.

३. किल्लारीचा विभाग : चूक की कालबाह्य विधान?

आय. एस. १८९३ मध्ये देशाचा भूकंपविभाग-नकाशा दिलेला असतो. १९६२ च्या नकाशात शून्य ते सहा असे सात विभाग होते. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपानंतर, १९७० च्या आवृत्तीत शून्य विभाग काढून टाकण्यात आला आणि पाच विभाग ठेवण्यात आले. १९८४ च्या आवृत्तीत किल्लारीचा परिसर पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. १९९३ साली भूकंप झाला तेव्हा हीच आवृत्ती चालू होती. २००२ च्या आवृत्तीत पहिला विभाग दुसऱ्यात विलीन झाला, चार विभाग राहिले आणि लातूर–उस्मानाबादचा परिसर तिसऱ्या विभागात आला.

आता १९९३ पूर्वीच्या बांधकामाविषयी लिहिणाऱ्या अभ्यासकापुढे १९८४ च्या मानकातील ‘पहिला विभाग’ हा उल्लेख येतो. त्याला पुढचा इतिहास ठाऊक आहे. हा उल्लेख ‘चुकीचा’ असल्याचे त्याला दिसते आणि वाचकाची दिशाभूल होऊ नये या सद्हेतूने तो ‘तिसरा विभाग’ असे लिहितो. या एका बदलाने पुरावा नाहीसा होतो. १९९३ पूर्वी या भागात ज्यांनी शाळा, दवाखाने, पाण्याच्या टाक्या यांचे आराखडे केले, त्यांच्या हातात कोणते मानक होते आणि त्या मानकाने त्यांना काय सांगितले होते, हे कळण्याचा मार्गच बंद होतो. ज्यांना धोका कमी असल्याचे अधिकृतपणे सांगण्यात आले होते, ते या ‘दुरुस्त’ उद्धरणामुळे नियम मोडणारे ठरतात. उलट, त्या काळच्या ज्ञानाची मर्यादा मात्र झाकली जाते.

याच्या विरुद्ध टोकाची चूकही तितकीच घातक आहे. १९८४ च्या आवृत्तीतील वाक्य अक्षरशः अचूक उतरवायचे, पण त्याचे वर्ष द्यायचे नाही आणि क्रियापद मात्र वर्तमानकाळी ठेवायचे : ‘हा परिसर पहिल्या विभागात मोडतो.’ येथे उद्धरणात अक्षराचीही चूक नाही, तरी विधान असत्य आहे. जुन्या पुस्तकातून नव्या पुस्तकात असे वाक्य उतरत गेले, तर घर बांधणाऱ्याला त्यातून खोटा दिलासा मिळतो. पहिल्या प्रकारात भूतकाळाचा अपलाप होतो, दुसऱ्यात भविष्यकाळाला धोका पोहोचतो. दोन्हींवर उपाय एकच आहे : मूळ वाक्य जसेच्या तसे ठेवावे, त्याला वर्षाचे बंधन घालावे आणि पुढील बदल त्याच्या शेजारी, पण उद्धरणाच्या बाहेर नोंदवावा.

४. नाम तेच, अर्थ भिन्न

सुधारित आवृत्तीत जुनेच शब्द नव्या अर्थाने येतात, ही आणखी एक अडचण आहे. १९८४ चा ‘दुसरा विभाग’ आणि २००२ चा ‘दुसरा विभाग’ एक नव्हेत, कारण पहिला विभाग त्यात मिसळला आहे. १९९३ साली प्रसिद्ध झालेली आय. एस. ४३२६ (इमारतींची भूकंपरोधक रचना व बांधणी), आय. एस. १३८२७ (मातीच्या इमारती), आय. एस. १३८२८ (कमी ताकदीच्या दगड-विटांच्या इमारती) आणि आय. एस. १३९३५ (दुरुस्ती व बळकटीकरण) ही मानके या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी आहेत. त्यांच्या मूळ संहितेत विभागाचा उल्लेख येतो तो तेव्हा चालू असलेल्या पाच विभागांच्या नकाशाला धरून. २००२ नंतरच्या वाचकाने तोच क्रमांक नव्या नकाशावर लावला, तर एक मानक दुसऱ्या काळात वाचल्यासारखे होते.

आकड्यांच्या बाबतीत ही फसगत अधिक सूक्ष्म असते. १९८४ च्या आवृत्तीत तिसऱ्या विभागासाठी एका कोष्टकातच दोन आकडे आहेत : मूळ क्षैतिज भूकंप-गुणांक ०.०४ आणि दुसऱ्या गणनापद्धतीसाठीचा विभाग-गुणक ०.२०. २००२ च्या आवृत्तीत त्याच विभागाचा गुणक ०.१६ आहे. केवळ अंक शेजारी मांडले, तर एका तुलनेत धोका चौपट वाढलेला दिसतो, दुसऱ्या तुलनेत तो घटलेला दिसतो. वस्तुतः तिन्ही आकडे वेगवेगळ्या सूत्रांत बसणारे आहेत आणि सूत्राबाहेर त्यांची तुलना होऊ शकत नाही. ओवीतला एक शब्द तोडून त्याचा अर्थ लावणे जितके अशास्त्रीय, तितकेच कोष्टकातला अंक सूत्राविना उद्धृत करणे अशास्त्रीय होय.

भूकंपाच्या तीव्रतेच्या आकड्याबाबतही असेच घडते. किल्लारीच्या भूकंपासाठी ६.२, ६.३ आणि ६.४ असे आकडे निरनिराळ्या लेखनात आढळतात. मोजण्याच्या पट्ट्या भिन्न असल्याने हा फरक पडतो. एका ग्रंथातील ६.४ हा आकडा दुसऱ्या ग्रंथाच्या आधारे ‘सुधारून’ ६.२ करणे ही दुरुस्ती नव्हे. तो पाठभेदाचा लोप आहे.

५. उतरवून घेताना होणारे प्रमाद

हस्तलिखितांच्या अभ्यासात लेखनिकाच्या प्रमादांचे जे प्रकार मानले जातात, ते मानकांच्या उद्धरणातही आढळू शकतात. मानकात विभागांचे क्रमांक रोमन अंकांत असतात. दुसरा आणि तिसरा यांत एका उभ्या रेघेचा फरक आहे. सारख्या अक्षरांवरून नजर घसरून एखादे अक्षर गळणे हा लेखनिकाचा नेहमीचा दोष आहे आणि येथे त्याची किंमत एक संपूर्ण विभाग एवढी आहे. म्हणून मराठी उद्धरणात क्रमांक अक्षरांत लिहिणे, ‘तिसरा विभाग’ असे म्हणणे, अधिक सुरक्षित ठरते.

दुसरा प्रकार दशांशचिन्ह आणि एकक यांचा. भूकंपग्रस्त परिसरातील जुनी घरे जाड दगडी भिंतींची आणि वर मातीचे जड माळवद असलेली होती. भिंतीचे दोन दर्शनी थर आणि मधे दगडगोटे व माती यांची भर, अशी रचना असे. हादऱ्याने हे दोन थर एकमेकांपासून सुटले आणि भिंती फुगून ढासळल्या. यावर उपाय म्हणून आय. एस. १३८२८ : १९९३ मध्ये भिंतीच्या एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत जाणारे आरपार दगड घालण्यास सांगितले आहे. उंचीच्या दर ६०० मि. मी. ला आणि आडव्या दिशेने १.२ मीटरहून अधिक अंतर न ठेवता ते बसवावयाचे असतात. भिंतीची जाडीही ४५० मि. मी. पेक्षा अधिक नसावी असे त्यात म्हटले आहे. यातील दशांशचिन्ह छपाईत पुसट झाले, तर ‘१.२’ चे ‘१२’ होते. बारा मीटरवर एक दगड म्हणजे बहुतेक भिंतींत एकही दगड नाही. असा प्रमाद ओळखण्याचे साधन पाठचिकित्सेला परिचित आहे : संदर्भाशी विसंगत ठरणारा पाठ संशयास्पद मानावयाचा आणि मूळ प्रतीशी ताडून पाहावयाचा. मात्र ताडून न पाहता केवळ तर्काने तो बदलावयाचा नाही.

गवंड्यांच्या सोयीसाठी हीच मापे फुटांत सांगितली जातात : ६०० मि. मी. म्हणजे सुमारे दोन फूट, १.२ मीटर म्हणजे सुमारे चार फूट, ४५० मि. मी. म्हणजे सुमारे दीड फूट. असे रूपांतर आवश्यक आहे. परंतु ते उद्धरणकर्त्याचे वाक्य आहे, मानकाचे नव्हे. अवतरणचिन्हांच्या आत ‘दोन फूट’ लिहिले की मानकाने जे म्हटले नाही ते त्याच्या तोंडी घातले जाते. रूपांतरातील ‘सुमारे’ हा शब्द पुढच्या नकलेत गळतो आणि अंदाजाचा नियम होतो, हा आणखी एक परिणाम.

तिसरा प्रमाद भाषांतराचा आहे आणि मराठीच्या अभ्यासकाने त्याकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. मानकाच्या इंग्रजीत ‘शॅल’ ने बंधन, ‘शुड’ ने शिफारस आणि ‘मे’ ने मुभा व्यक्त होते. मराठीतील विध्यर्थ मात्र आज्ञा, कर्तव्य, योग्यता, इच्छा अशा अनेक छटा एकाच रूपात सामावून घेतो. ‘आरपार दगड घालावेत’ या वाक्यावरून ते बंधन आहे की सल्ला, हे ठरत नाही. भाषेची ही लवचीकता काव्याला उपकारक असली तरी मानकाच्या उद्धरणात ती दोष ठरते. ‘घातलेच पाहिजेत’, ‘घालणे श्रेयस्कर’ आणि ‘घालता येतील’ अशी तीन निश्चित रूपे ठरवून संपूर्ण लेखात तीच वापरणे हा त्यावरील सोपा मार्ग आहे. जेथे अर्थाविषयी संशय राहतो, तेथे मूळ क्रियापद देवनागरीत देऊन मग मराठी अर्थ सांगावा.

६. स्थलनामे आणि जिल्ह्याच्या सीमा

धाराशिव जिल्ह्याच्या बाबतीत उद्धरणाचा आणखी एक प्रश्न उद्भवतो. २०२३ साली उस्मानाबाद शहराचे व जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे धाराशिव झाले. आय. एस. १८९३ च्या २००२ च्या आवृत्तीतील महत्त्वाच्या शहरांच्या यादीत मात्र ‘उस्मानाबाद’ हेच नाव आहे. त्या यादीचे उद्धरण देताना नाव बदलणे म्हणजे मुळात नसलेली नोंद निर्माण करणे होय. लेखकाच्या स्वतःच्या वाक्यात ‘धाराशिव’ आणि अवतरणात ‘उस्मानाबाद’, दोहोंचा संबंध प्रथम उल्लेखाच्या वेळी चौकटी कंसात सांगितलेला, ही रीत योग्य ठरते.

नावापेक्षा सीमेचा घोळ अधिक अवघड असतो. लातूर जिल्हा १९८२ साली उस्मानाबाद जिल्ह्यातून वेगळा झाला. म्हणून त्यापूर्वीच्या कागदपत्रांतील ‘उस्मानाबाद जिल्हा’ यात किल्लारीचाही समावेश होतो. सास्तूर हे गाव भूकंपाच्या वेळी उमरगा तालुक्यात होते, पुढे लोहारा तालुका झाल्यावर ते त्यात गेले. अशा ठिकाणी जुन्या कागदातील तालुका ‘चुकला’ असे मानून बदलणारा लेखक कागदाचा काळ पुसून टाकतो.

७. मराठी परंपरेचे साहाय्य

या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण केले. ग्रंथात शिरलेले अपपाठ दूर करण्याचे ते कार्य मराठी वाङ्मयात अनन्यसाधारण आहे. पण कोणत्या जागी कोणता पाठ होता व तो का बदलला, याची नोंद त्या प्रतीसोबत आली नाही. त्यामुळे १९०९ साली राजवाडे यांनी ज्ञानेश्वरीची आपली प्रत प्रसिद्ध केली तेव्हापासून एकनाथपूर्व पाठाचा शोध हा अभ्यासकांचा स्वतंत्र विषय होऊन बसला. दुरुस्ती कितीही अधिकारी पुरुषाने केली तरी ती नोंदीशिवाय असेल, तर पुढच्यांना मूळ गाठणे कठीण होते.

महानुभाव परंपरेत याहून वेगळी रीत दिसते. लीळाचरित्रासारख्या ग्रंथाच्या पोथ्यांत भिन्न स्मरण-परंपरांतून आलेले पाठ ‘वासना’ म्हणून नोंदवले गेले. एक पाठ स्वीकारताना दुसरा नाहीसा केला गेला नाही. विसाव्या शतकात पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तिच्यात हेच तत्त्व शास्त्रीय शिस्तीने आले. निश्चित केलेला पाठ वर, सर्व पाठभेद खाली, आणि जेथे संपादकाला खात्री नाही तेथे शब्दांखाली नागमोडी रेघ. वि. स. सुकथनकर यांच्या संपादनाखाली रूढ झालेल्या या पद्धतीत संपादकाचे मत आणि प्रतीची साक्ष यांची सरमिसळ होत नाही.

मानकांच्या उद्धरणाला हीच शिस्त लावल्यास पुढील रीत निष्पन्न होते. मानकाचा क्रमांक, वर्ष, कलम आणि पाहिलेली दुरुस्तीपत्रके यांचा उल्लेख प्रत्येक उद्धरणासोबत यावा. मुळात उघड मुद्रणदोष असेल, तर तो तसाच ठेवून पुढे चौकटी कंसात ‘मुळाबरहुकूम’ असे लिहावे आणि योग्य पाठ कोणत्या आधाराने सुचवला ते सांगावे. अधिकृत दुरुस्ती झाली असेल, तर दुरुस्त पाठ उद्धृत करून मूळ पाठ तळटीपेत द्यावा. ऐतिहासिक विवेचनात हा क्रम उलट करावा. सुधारित आवृत्ती निघाली असेल, तर जुने उद्धरण न बदलता नवे स्वतंत्रपणे द्यावे. मानक प्रत्यक्ष न पाहता एखाद्या मार्गदर्शिकेतून वाक्य घेतले असेल, तर हवाला मार्गदर्शिकेचाच द्यावा. मार्गदर्शिकेच्या चुकीचे खापर मानकावर फोडण्याचा प्रसंग त्यामुळे टळतो.

उद्धरणकर्त्याच्या स्वतःच्या चुकीचे काय, हा प्रश्न उरतो. जुन्या मराठी ग्रंथांच्या अखेरीस ‘पृष्ठ, ओळ, अशुद्ध, शुद्ध’ अशा चार रकान्यांचे शुद्धिपत्र असे. त्यात चुकीचा शब्द लपवलेला नसे; तो शुद्ध शब्दाच्या शेजारी छापलेला असे. पुस्तिकेच्या नव्या छपाईत चुकीचा आकडा गुपचूप बदलला, तर आधीची प्रत ज्याच्या घरी आहे त्याला ते कधीच कळत नाही. घर बांधताना तो जुनीच प्रत उघडतो. म्हणून बांधकामविषयक लेखनात शुद्धिपत्र ठळकपणे आणि चुकीच्या आकड्यासह प्रसिद्ध होणे अगत्याचे आहे.

८. समारोप

भूकंपानंतर १९९४ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम राबवला गेला. काही गावे नव्या जागी वसवण्यात आली, तर इतर असंख्य गावांत जुनी घरे दुरुस्त व बळकट करण्यावर भर होता. या दुसऱ्या प्रकारच्या कामात मानकातील वाक्य अभियंत्याकडून पुस्तिकेत, पुस्तिकेतून गवंड्याकडे आणि गवंड्याकडून भिंतीत जाते. या प्रवासात प्रत्येक टप्प्यावर एक लेखनिक आहे आणि हस्तलिखितांच्या लेखनिकांना जे मोह होत, तेच त्यालाही होतात : अवघड पाठ सोपा करण्याचा, जुना पाठ नवा करण्याचा आणि आपली चूक झाकण्याचा.

चूक, दुरुस्ती आणि सुधारणा यांतील भेद सांभाळणे हे या मोहांवरचे नियंत्रण आहे. १९८४ चे मानक किल्लारीविषयी काय म्हणत होते, हे आज कटू वाटले तरी जसेच्या तसे उपलब्ध असले पाहिजे, कारण त्या वाक्याच्या शेजारी २००२ चे वाक्य ठेवल्यावरच १९९३ च्या पहाटेने ज्ञानात काय भर घातली हे समजते. मूळ पाठ पुसून केलेली दुरुस्ती हा धडाही पुसून टाकते. पाठचिकित्सेचे शिक्षण देणाऱ्या मराठी विभागांनी पोथ्यांच्या जोडीला असे व्यावहारिक लेखनही अभ्यासाला घेतल्यास, या शास्त्राचा उपयोग ग्रंथालयाबाहेर, माळवदाखाली झोपणाऱ्या माणसापर्यंत पोहोचू शकेल.